फरक शून्य

कवठाळीच्या बाळंतघरामुळे बाळं दगावतात, असा निकाल यंत्राने दिला तेव्हा डॉ. कालिंदी बोरगावकर आधी हसली. पडद्यावर समोर बसलेला निरंजन वैशंपायन हसला नाही. मग तिचंही हसू विरलं.

"दगावतात म्हणजे अगदी तसं नाही, ताई," तो म्हणाला. "तुमचं घर नसतं तर या अकरा गावांतली बाळं थोडी जास्त सुदृढ असती, थोडी जास्त जगली असती, असं जुळं म्हणतंय. फरक लहान आहे, पण उणे आहे."

"निरंजन, मी सोळा वर्षं इथे बाळंतपणं करतेय. मी काय बाळांचे गळे दाबते?"

"मी तसं म्हणत नाहीये."

"जुळं म्हणतंय ना!"

निरंजन मूळचा साताऱ्याचा, आता कोपनहेगनला नॉर्डलिस फाउंडेशनचा मूल्यमापन-प्रमुख. पैनगंगेकाठच्या आडवळणी भागात कालिंदीची 'पान्हा' ही संस्था जे बाळंतघर चालवायची, त्याचा जवळजवळ सगळा खर्च नॉर्डलिस उचलायचं. निरंजन सज्जन होता, आणि खरी अडचण तीच होती. दुष्ट माणसाशी निदान कडाकडा भांडता तरी येतं.

आता हे जुळं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. एखाद्या संस्थेने गावात काम केलं आणि गाव सुधारलं, तर ते संस्थेमुळे सुधारलं की तसंही सुधारलंच असतं, हा फार जुना प्रश्न. रस्ता झाला, पीक बरं आलं, मुली शिकल्या. यातलं श्रेय नेमकं कुणाचं? संस्था अर्थातच सगळं आपल्या नावावर मांडायच्या. जुळ्याने हा प्रश्न निकालात काढला. उपग्रहाची चित्रं, आरोग्यकार्डं, बाजारभाव, मोबाइलची ये-जा, हवामान असं सगळं गोळा करून संगणकात गावाची हुबेहूब प्रतिकृती उभी राहायची, अगदी घरागणिक, माणसागणिक. मग त्या प्रतिकृतीतून फक्त संस्था काढून टाकायची आणि तेच गाव हजारो वेळा पुन्हा जगवून बघायचं. संस्थेविना गाव कसं जगतं, हे जुळं शिकायचं ते आसपासच्या, तशाच पण संस्था नसलेल्या गावांकडून. खरं गाव आणि जुळं गाव यांच्यात जेवढा फरक उरेल, तेवढंच संस्थेचं काम. बाकी सगळ्या गप्पा.

आणि गप्पा मारणारे काही कमी नव्हते. एका नामांकित संस्थेने डोंगरातल्या घरोघरी बिनधुराच्या चुली वाटल्या होत्या आणि दहा वर्षं अहवालात त्यांचे फोटो छापले होते. जुळ्याने दाखवून दिलं की चुली पेटतच नाहीत; बऱ्याच घरांत त्यांच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. संस्थेने चिक्कार कारणं दिली, एकही चाललं नाही, संस्था बंद पडली. तेव्हा नैरोबीच्या परिषदेत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत कालिंदी होती. लोकांच्या नावावर पैसा आणता, तर लोकांचं काय भलं झालं ते दाखवा, असं तिने व्यासपीठावरून ठणकावलं होतं. हेच जुळं आपल्याही पदरात उणे टाकेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढचे काही दिवस कालिंदीने सगळ्यांचा जीव खाल्ला. शेवंता खिल्लारे ही तिची सर्वांत जुनी नर्स. तिने नुसतं "चहा घ्या" म्हटलं तरी कालिंदी वसकन अंगावर जायची. हात धुण्याची साबणं बदलली, पाणी तपासायला पाठवलं, औषधांच्या तारखा पुन्हापुन्हा पाहिल्या. कुठेही काही चुकत नव्हतं. घरातून निघताना बाळ ठणठणीत असायचं. मग पुढे त्याचं असं काय होत होतं?

अशाच एका चिडक्या दुपारी सईचा फोन आला. सई कालिंदीची एकुलती लेक, पुण्यात नांदत होती, सहावा महिना चालू होता.

"आई, मी पुढच्या महिन्यात येते गं. सासूबाई म्हणाल्या, पहिलं माहेरीच होऊ दे."

"ये की. तुझी खोली झाडून ठेवते."

"आणि माझं आरोग्यकार्ड इथलं आहे. ते तिकडे बदलून घ्यावं लागेल का?"

"कशाला? बाळ तीन महिन्यांचं झालं की परत जाशीलच ना. बाळाची नोंद तुझ्या पत्त्यावर पुण्यालाच..." कालिंदीचं वाक्य तोंडातच राहिलं.

"आई? आहेस ना?"

"अगं बाई," कालिंदी म्हणाली. "अगं बाई गं."

सगळं एका झटक्यात उलगडलं. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी यायची, बाळंत व्हायची, बाळाने मान धरली की सासरी जायची. कालिंदीच्या बाळंतघरात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका या अकरा गावांच्या लेकी होत्या, सुना नव्हत्या. आणि लग्न झालं की लेकीचं आरोग्यकार्ड सासरच्या पत्त्यावर जायचं. कवठाळीची लेक शेंबोलीला दिलेली असली, तर तिचं बाळ जन्मलं इथे, बाळसं धरलं इथे, पण जुळ्याच्या लेखी ते बाळ शेंबोलीचं. आणि शेंबोली हे संस्था नसलेलं गाव. उलट कवठाळीची सून बाळंतपणाला आपल्या माहेरी, दूर कुठेतरी जायची, तिथे असेल त्या सोयीत निभवायची आणि हडकुळं बाळ घेऊन परतायची. ते बाळ मात्र कवठाळीचं, म्हणजे कालिंदीच्या माथी. ज्यांना मदत मिळाली त्यांना यंत्राने न मिळालेल्यांत धरलं होतं, आणि न मिळालेल्यांना मिळालेल्यांत. काम जितकं चांगलं होईल, तितकं उणे वाढणार होतं.

'आपण कोणत्या गावांत काम करता?' असं नॉर्डलिसने सुरुवातीला विचारलं होतं आणि कालिंदीने अकरा गावांची नावं देऊन टाकली होती. लेकी कुठे नांदतात हे सांगायचं तिला सुचलंच नाही. इथल्या कुणालाच सुचलं नसतं. आपण श्वास घेतो हे कुणी मुद्दाम सांगतं का? पण तेवढ्याने सोळा वर्षांवर बोळा फिरला होता, आणि तोही तिच्याच हाताने.

निरंजनला हे समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याची बहीणही बाळंतपणाला साताऱ्यालाच आली होती. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे सगळं उलटंच धरलं गेलंय. ताई, तुमचं घर बहुधा उत्तम चाललंय."

"बहुधा नाही, चाललंयच. आता निकाल बदल."

"तो बदलता येत नाही."

"का? चूक तुला पटली ना?"

"मला पटली. पण हिशेबाची रीत आम्ही निकालाआधीच मोहोरबंद करून जाहीर करतो. निकाल पाहून रीत बदलायची नाही, हा पहिला नियम. चुलीवाल्यांनीही कारणं दिली होती, ताई. त्यांतली दोन मला खरीसुद्धा वाटली होती. पण निकाल आवडला नाही म्हणून ज्याने त्याने हिशेब बदलून घेतला, तर सगळे पुन्हा फोटो छापायला मोकळे."

कालिंदीला सर्वांत जास्त संताप आला तो याचाच. निरंजन चुकत नव्हता. हेच तर ती नैरोबीत बोलली होती.

"नवी चाचणी घेता येईल," निरंजन म्हणाला. "पण तुमच्या आसपास आता तुलनेला कोरं गावच उरलेलं नाही. तुमच्या लेकी सगळीकडे पोचल्यात. तेव्हा तुलना गावागावांत नको, बाईबाईत करू. दारातच चिठ्ठी टाकायची. अर्ध्या आत येतील, अर्ध्या नेहमीच्या सोयीला जातील."

"नेहमीची सोय म्हणजे घाटापलीकडचा तालुका. तू रस्ता पाहिलायस का तो?"

"नीतिसमितीची मान्यता आहे. खाटा अपुऱ्या असतील तर चिठ्ठी हाच न्याय, असं त्यांचं म्हणणं."

"अपुऱ्या कुठे आहेत? बारा आहेत. सगळ्या कधी भरतही नाहीत!"

निरंजनने मान खाली घातली. "चाचणीच्या वर्षापुरता निधी सहा खाटांचाच मिळेल."

हे कालिंदीच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. चिठ्ठी न्याय्य ठरावी म्हणून आधी खाटा काढून घ्यायच्या. तिने तोंडाला येईल ते निरंजनला सुनावलं आणि फोन आपटला. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून होकार दिला. सहा खाटा की एकही नाही, एवढाच प्रश्न उरला होता. फरक दिसला तर वर्षभराने बाराच्या बारा परत, असा निरंजनचा शब्द होता.

फाटकावर पांढरी पेटी बसली. बाईने कार्ड दाखवायचं. निळा दिवा लागला तर आत, पिवळा लागला तर तालुक्याला. लाल रंग मुद्दाम टाळला होता. लालने नाकारल्यासारखं वाटतं, असं कोपनहेगनच्या मानसशास्त्रज्ञांचं मत पडलं होतं. पिवळा लागलेल्या बाईला गाडीभाड्याचं कूपन आणि हसऱ्या बाळाचं चित्र असलेलं पत्रक मिळायचं.

पहिल्याच दिवशी एका मुलीला पिवळा लागला. तिची आई फाटकातून आत वाकून बघत राहिली.

"मशीन बिघडली का काय, ताई?"

"नाही, मावशी. या वर्षी असंच आहे."

"पण खाट खाली हाय की तिथं. दिसायलीय मला."

कालिंदीने नियम सांगितला. सांगताना आपलाच आवाज तिला परका वाटला. बाईने सगळं ऐकून घेतलं, पत्रकाची घडी घालून कमरेला खोचली आणि लेकीचा हात धरून उन्हात निघाली. शिव्या दिल्या असत्या तर कालिंदीला बरं वाटलं असतं.

मग एके दिवशी तिला ती वायर दिसली. बाळंतघराच्या मागच्या खिडकीतून निघालेली एक लांबलचक वायर भिंतीवरून पलीकडे गेली होती. भिंतीपलीकडे कौशल्याबाई मगर यांचं घर. कालिंदी रस्त्याने वळसा घालून गेली आणि दारातच थबकली. आत तीन पोटुशा बायका बसलेल्या, एकीच्या हातात शेवयांच्या खिरीची वाटी, पंखा लावलेला, आणि शेवंता सिस्टर एकीच्या पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके ऐकत होती. तिघींच्याही पिशव्यांतून तीच हसऱ्या बाळाची पत्रकं डोकावत होती.

"शेवंता, हे काय चाललंय?"

"ड्युटी संपली माझी. घरचा टाइम हाय."

"आणि हे ठोक्यांचं यंत्र तुझ्या घरचं आहे?"

"पुसून ठिवते की परत."

"तुला कळतंय का तू काय करतेयस?" कालिंदीचा आवाज चढला. "पिवळ्या बायकांनाही तूच बघितलंस, तर पिवळ्या-निळ्यांत फरक कसा दिसणार? फरक दिसला नाही तर घर बंद होईल. कायमचं. मग कुणाला बघणार आहेस?"

"दिवा पिवळा लागला म्हणून कळा थांबतेत का?"

"ते नाही म्हणत मी."

"मग काय म्हणायलाव?" शेवंताने यंत्र बाजूला ठेवलं. "सांगा ना. फरक दिसाय पाहिजे म्हणजे काय व्हाय पाहिजे? ह्या तिघींतल्या कुणाचं काय व्हाय पाहिजे, ताई?"

तिघी कालिंदीकडे बघत होत्या. खिरीची वाटी धरलेली सर्वांत लहान होती, जेमतेम विशीची. कालिंदीने वायरच्या बटणाकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं, आणि बाहेर पडली. बटण तसंच चालू राहिलं. शेवंताला तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आपल्याला माहीत आहे असंही कुणाला दाखवलं नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घेण्याचा हा प्रकार तिला मुळीच शोभत नव्हता, आणि ते तिला रोज टोचायचं.

सगळ्याच पिवळ्या बायका कौशल्याबाईंकडे जात नव्हत्या. कवठाळीच्या लेकीला, रेणुकाला पिवळा लागला, तेव्हा बाळंतपणासाठी आलेला तिचा नवरा कूपन घेऊन तिला तालुक्याला न्यायला निघाला. घाटात दरड आली होती, गाडी तिथेच खोळंबली. बाळ गाडीतच झालं आणि गेलं. दुपारी शेवंताने येऊन हे सांगितलं, तेव्हा कालिंदी औषधांचं कपाट लावत होती.

'चला, एकीचा तरी फरक दिसेल.'

हा विचार आपल्याच डोक्यात आला हे कळायला तिला एक क्षण लागला. मग कपाट तसंच उघडं टाकून ती बाहेर पडली. स्वतःची एवढी किळस तिला आयुष्यात आली नव्हती.

संध्याकाळी ती रेणुकाच्या माहेरी गेली. रेणुका भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे होते.

"ताई, मला निळा कामून नाही लागला?" तिने विचारलं. "माझं काही चुकलं होतं का?"

"नाही गं राणी. तुझं काही चुकलं नाही."

"मग?"

या 'मग'ला कोपनहेगनकडे सुंदर उत्तर होतं, समितीने मंजूर केलेलं. कालिंदीने ते दिलं नाही. ती रेणुकाचा हात धरून बसून राहिली, आणि उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गवंडी बोलावला आणि मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं. त्यानंतर पिवळा लागलेल्या एकाही बाईला तिने घाटात पाठवलं नाही. फाटकावरच सांगायची, "मागून या." कौशल्याबाईंच्या घरात खाटा टाकल्या. शेवंता दोन्हीकडे बघायची, कालिंदीही दोन्हीकडे बघायची. याचा शेवट काय होणार हे तिला चांगलं माहीत होतं, आणि माहीत असूनही दर महिन्याला ती वेड्यासारखी आशा करायची.

वर्ष संपलं. निरंजन पडद्यावर आला तेव्हा त्याने दाढीही केलेली नव्हती.

"फरक शून्य आहे, ताई."

"बाळं कशी आहेत?"

"बाळं उत्तम आहेत. तालुक्यातल्या बाकीच्या बाळांपेक्षा कितीतरी चांगली. पण निळी आणि पिवळी, दोन्ही सारखीच. म्हणजे तुमच्या घरात येण्याने काही फरक पडत नाही, असाच अर्थ निघतो." तो पुढे झुकला. "पिवळ्या बायका गेल्या कुठे?" आणि लगेच त्याने हात वर केला. "थांबा. सांगू नका. तुम्ही सांगितलंत की मला ते नोंदवावं लागेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर 'प्रामाणिक प्रयत्न, परिणाम नाही' अशी नोंद. घर महिनाअखेर बंद होईल, पण 'पान्हा'चं नाव स्वच्छ राहील. दुसऱ्या कुठल्याही कामाला तुम्हाला पैसा मिळेल. मी स्वतः शिफारस करेन."

वाईट नव्हतं हे. सोळा वर्षांच्या कामाला निदान नीट निरोप मिळाला असता.

"हे शून्य पुढे कुठे जातं?"

"सामाईक साठ्यात. जगभरातल्या फाउंडेशनांची जुळी त्यावरूनच शिकतात. मलावीत आणि नेपाळात अगदी अशीच बाळंतघरं आहेत, त्यांचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे."

"त्यांना काय शिकवणार हे शून्य?"

निरंजनने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "की अशा घरांचा उपयोग होत नाही."

कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकीलाही वाऱ्यावर सोडलं नाही म्हणून मिळालेलं शून्य, आणि ते कुठल्यातरी मलावीतल्या पोरीच्या तोंडावर दार लावणार होतं. त्या पोरीला पिवळ्या दिव्यापुरतीही संधी मिळणार नव्हती.

"निरंजन, लिहून घे. पिवळ्या बायका इथेच आल्या. मी मागच्या भिंतीला दार पाडलं. त्यांची बाळंतपणं मीच केली."

"ताई, नको ना."

"निकाल रद्द होईल ना याने? साठ्यातून निघेल ना?"

निरंजनने बराच वेळ समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं. "कारण लावावं लागतं. निष्काळजीपणा लावला तर नुसता शेरा मारून निकाल साठ्यातच ठेवतात. पूर्णपणे रद्द होतो तो फक्त फसवणूक लावली तर. पण मग तुमचं नाव सगळीकडे काळ्या यादीत. तुम्हाला कुणीही, पुन्हा कधीही..."

आतून शेवंताने हाक मारली. कालिंदीने पदर खोचला.

"फसवणूक लाव," ती म्हणाली. "आणि लवकर लाव, मला आत बोलावतायत."